प्रवेशापूर्वीच सांगा

गेल्या पंधरवड्यात आमच्या दांडिया बाजारातल्या गल्लीत पेढे वाटले गेले. शेजारच्या आजींच्या नातीला एका विद्यापीठाकडून मानसशास्त्राच्या पीएच. डी.साठी मुलाखतीचे बोलावणे आले होते. प्रवेश अजून व्हायचाच होता. पण आजींचा उत्साह असा की, मुलाखतीचे पत्र हेच त्यांनी पदवीचे पत्र मानले. "आता आमच्या घरात डॉक्टर होणार हो, मनाची दुखणी बरी करणारी!" असे म्हणत त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो तोंडात टाकला आणि गप्प बसलो. तोंडात पेढा असला की गप्प बसायला निमित्त मिळते.

गप्प बसण्याचे कारण घरातलेच आहे. माझी एक भाची काही वर्षांपूर्वी बडोद्याबाहेरच्या एका विद्यापीठात याच विषयाच्या पीएच. डी.ला दाखल झाली. विद्यापीठाचे नाव मी घेत नाही. तिथे घडले ते इतरत्रही घडते, आणि दोष एकट्या त्या संस्थेच्या माथी मारावा असाही नाही. मुलगी हुशार, एम. ए.ला उत्तम गुण. सुटीत ती आमच्याकडे राहायला येई, तेव्हा माडीवरच्या झोपाळ्यावर तिच्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे पसरलेले असत. काही आग्र्याच्या प्रकाशकांकडून विकत आणलेल्या, काही इंग्रजीवरून तिनेच गुजरातीत उतरवलेल्या. एका इंग्रजी प्रश्नावलीत मन 'निळे' वाटते का, असा प्रश्न होता. त्याचे गुजराती करताना मामा-भाचीने एक अख्खी दुपार घालवली. शाळांच्या परवानग्या, परीक्षांचे हंगाम, मुख्याध्यापकांच्या लहरी, झेरॉक्सचा खर्च या सगळ्यांतून ती वाट काढत होती आणि तिला वाटत होते की, या वाटेच्या शेवटी एक खोली आहे. त्या खोलीत दुःखी माणसे येतील आणि आपण त्यांचे ऐकू.

चौथ्या वर्षी एका रुग्णालयाची जाहिरात पाहून तिने अर्ज केला. तिथे पहिलाच प्रश्न आला, "तुमचा कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय?" रात्री तिचा फोन आला. "मामा, हे मला आजवर कोणी सांगितलेच नाही." पाचव्या वर्षी तिने पीएच. डी. सोडली.

ज्याबद्दल तिला कोणी सांगितले नव्हते, ती गोष्ट गुप्त नाही. १९९२ सालच्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला, म्हणजे ज्याला सगळे रिहॅबिलिटेशन कौन्सिल म्हणतात तिला, वैधानिक अधिकार मिळाले. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, आपल्या रोजच्या बोलण्यातला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, या परिषदेच्या नोंदवहीत असावा लागतो. नोंदणीवाचून व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्या कायद्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही या पदाची व्याख्या परिषदेने मान्य केलेल्या शिक्षणाशीच बांधलेली आहे. ही नोंदणी नुसत्या मानसशास्त्राच्या पीएच. डी.ने मिळत नाही. तिच्यासाठी परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम लागतो, ज्यात रुग्णांसमोर बसून, जाणत्यांच्या देखरेखीखाली काम शिकावे लागते. वर्षानुवर्षे ती वाट दोन वर्षांच्या एम. फिल.ची होती. पुढे २०२२ च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने एम. फिल. ही पदवीच बंद केली. मग २०२४ च्या आरंभी त्याच आयोगाने कळवले की, चिकित्सा मानसशास्त्राची एम. फिल. २०२५-२६ पर्यंत चालू राहील. आयोगालाच आपला शब्द वर्षा-दीड वर्षात फिरवावा लागला, तिथे बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने आणि तिच्या आईवडिलांनी हा गुंता आपल्या बुद्धीने सोडवावा, ही अपेक्षा अंमळ जास्तच आहे.

पीएच. डी. ही संशोधनाची पदवी आहे. मुले कशी शिकतात, माणूस विसरतो का, कारखान्यातला कामगार थकतो केव्हा, म्हातारपणी स्मरण कसे ढासळते, हे शोधून काढणे मोलाचे काम आहे. त्याची आवड असेल त्याने जरूर ही पदवी घ्यावी. पण जी मुले मनाच्या दवाखान्याचे स्वप्न घेऊन दाराशी येतात, त्यांना दारातच सांगायला हवे की, बाबांनो, हा रस्ता तिकडे जात नाही. प्रवेशाच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, एवढे एक वाक्य छापायला किती शाई लागणार?

आता दुसरी गोष्ट. ती मला अधिक महत्त्वाची वाटते.

आयोगाच्या नियमांत एक चांगले कलम आहे. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या संकेतस्थळावर मार्गदर्शकांची यादी द्यावी. प्रत्येकाच्या हाताखाली कोण विद्यार्थी आहे, त्याचा विषय कोणता, त्याने प्रवेश कधी घेतला, हेही लिहावे आणि ही यादी दरसाल अद्ययावत करावी. फार योग्य. माझ्या भाचीचे नावही अशाच एका यादीत होते: नाव, विषय, प्रवेशाची तारीख. पाच वर्षांनी ती निघून गेली आणि पुढच्या यादीत तिचे नाव नव्हते. बस्स. ती गेली का, केव्हा गेली, तिच्याआधी कितीजण गेले, याची नोंद कोणी मागत नाही, म्हणून कोणी ठेवत नाही. निदान कोणाला दाखवत नाही. यादी नेहमी अद्ययावत आणि नेहमी निष्कलंक. नव्याने येणाऱ्या मुलीला ती पाहून वाटते की, इथे येणारा प्रत्येक जण अजून इथेच बसून सुखाने लिहितो आहे.

जे पूर्ण झाले त्याचा हिशेब ठेवण्यात आपले गाव मागे नव्हते. १९७४ साली आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्राच्या उच्च अध्ययन केंद्रातून एम. बी. बुच यांनी संपादित केलेला भारतातील शैक्षणिक संशोधनाचा पहिला सर्वेक्षणग्रंथ बाहेर पडला. देशभरच्या विद्यापीठांतील कपाटांत धूळ खात पडलेले प्रबंध कोणी कशावर लिहिले, काय निष्कर्ष काढले, हे एका जागी मांडण्याचे ते खटाटोपाचे काम बडोद्यात झाले. हल्ली गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात हजारो प्रबंध घरबसल्या वाचता येतात. प्रवेश घेऊ पाहणाऱ्याने आपल्या भावी मार्गदर्शकाच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध तिथे उघडून अवश्य चाळावेत. पण ही सगळी पैलतीराला पोचलेल्यांची वही. मध्येच बुडाले किंवा परत फिरले, त्यांची वही आपल्याकडे कोणी घातलेलीच नाही. आणि नावेत बसणाऱ्याला आधी जाणून घ्यायची असते ती तीच.

अमेरिकेत ही वही आता उघडी ठेवावी लागते. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची मान्यता ज्या डॉक्टरेट अभ्यासक्रमांना हवी असते, त्यांना आपल्या संकेतस्थळावर ठरावीक नमुन्यात आकडे जाहीर करावे लागतात. विद्यार्थ्यांना पदवीला सरासरी किती वर्षे लागली, वर्षाचा खर्च किती, सक्तीच्या उमेदवारीसाठी जागा किती जणांना मिळाल्या, किती जण मध्येच सोडून गेले आणि पदवीनंतर व्यवसायाचा परवाना किती जणांना मिळाला. हे शहाणपण तिथेही सुखासुखी आलेले नाही. कर्जे काढून शिकणारी मुले आणि उमेदवारीच्या जागांचा तुटवडा, असा पेच तिथे होता; पंधराएक वर्षांपूर्वी तर दर चार अर्जदारांमागे सुमारे एकजण जागेवाचून राहत असे. आज मोठमोठ्या नामांकित विद्यापीठांच्या पानांवरही 'इतके सोडून गेले' असा रकाना असतो, आणि त्यामुळे त्यांची अब्रू गेल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडे असा रकाना काढावा म्हटले की प्राध्यापक मंडळी काय म्हणतील, तेही मला ठाऊक आहे. माझे दोन मित्र त्याच व्यवसायातून निवृत्त झाले. विभाग लहान असतो, दोन-तीनच विद्यार्थी. त्यांतला एक गेला की टक्केवारी भीतिदायक दिसते. हे खरे आहे. मग टक्केवारी देऊ नये. दहा वर्षांत अठरा आले, अकरा पूर्ण झाले, चार अजून आहेत, तीन गेले, असे साध्या आकड्यांत लिहावे. दुसरे म्हणतील, मुली लग्नामुळे जातात, मुले नोकरीमुळे जातात, त्यात विभागाचा काय दोष? दोष कोणी लावलाच नाही. मात्र लग्नामुळे गेलेल्या मुलीला जाण्यापूर्वी कोणी सांगितले होते का, की विवाहामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदलावे लागले तर आपले संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेण्याचा हक्क याच नियमांनी स्त्रीला दिलेला आहे? २४० दिवसांपर्यंत प्रसूतिरजा आहे? बडोद्याच्या मुली लग्न होऊन पुण्याला जातात ही काही नवलाची गोष्ट नव्हे. आपल्या घराघरांतली आहे. तरी हे कलम ठाऊक असलेली सासू किंवा आई मला अद्याप भेटायची आहे.

वर्षांचा हिशेब तर अगदी प्रथम सांगायला हवा. नियम म्हणतो, किमान तीन वर्षे, कमाल सहा. फेरनोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. पण एकूण दहाच्या पुढे नाही. तीन आणि दहा यांत एका तरुण आयुष्याचे अंतर आहे. माहितीपत्रक 'किमान तीन' एवढेच मोठ्याने वाचते. आणि पैसा? ज्याला कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळते त्याचे बरे आहे. २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये झाली. परंतु ती सगळ्यांना कुठली मिळायला! गुजरात सरकारच्या 'शोध' योजनेत दरमहा १५,००० आणि किरकोळ खर्चासाठी वर्षाला २०,००० रुपये ठरले, तेही दोन वर्षांपुरते. किमान मुदतच तीन वर्षांची असलेल्या शिक्षणाला दोन वर्षांची मदत! तिसऱ्या वर्षापासून घरच्यांनी पोसायचे, हे घरच्यांना आधी कळलेले बरे. मार्गदर्शकाकडे आधीच किती विद्यार्थी आहेत आणि तो निवृत्त केव्हा होणार, हेही विचारायला संकोचू नये. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार अशी मर्यादा आहे, आणि निवृत्तीला तीन वर्षे उरली नसतील तर नवा विद्यार्थी घेऊ नये असाही नियम आहे. या गोष्टी विचारल्याने गुरूचा अपमान होतो, असे मानणारे लोक आपल्यात अजून आहेत. वधूवरांच्या पत्रिकांपासून हुंड्यापर्यंत सगळे तोंडावर विचारणारी आपली मंडळी इथेच अशी लाजाळू का होतात, मला समजत नाही.

अटी आधी लिहून घेण्याची रीत या शहराला नवी नाही. संस्थानाचा वार्षिक अहवाल छापून निघे, हुकूम आज्ञापत्रिकेत प्रसिद्ध होत. आणि परदेशी शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून करार लिहून घेतला जाई. अशाच एका करारावर १९१३ साली भीमराव रामजी आंबेडकर या तरुणाने सही केली: तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, आणि शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोदे राज्याची नोकरी. काय मिळणार आणि काय द्यावे लागणार, दोन्ही बाजू कागदावर. कोलंबिया विद्यापीठाने त्यांना अर्थशास्त्राची पीएच. डी. प्रत्यक्ष दिली ती १९२७ साली, प्रबंध छापून झाल्यावर. आणि १९२५ साली छापलेला तो ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांना कृतज्ञतापूर्वक अर्पण केला, हे आपण अभिमानाने सांगतो.

त्याच गोष्टीचा दुसरा भाग आपण जरा हळू आवाजात सांगतो. १९१७ साली करार पाळायला ते बडोद्याला आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशाच्या सरायीत पारशी नाव सांगून ते उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. गाडीची वेळ होईपर्यंत कामाठी बागेत बसून त्यांनी मुंबईची वाट धरली. आपल्या पणजोबांचे वाडे तेव्हाही इथेच उभे होते. करारनाम्यात सगळे होते. हे शहर कसे वागेल, तेवढे नव्हते.

आजच्या माहितीपत्रकातही नेमके तेच नसते. ज्याच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालय पाहिले नाही, अशा मुलाशी विभाग कसा वागतो? मार्गदर्शकाची खाजगी कामे करावी लागतात का? पटले नाही तर मार्गदर्शक बदलून मिळतो का, आणि कितीजणांना मिळाला? वसतिगृहात संशोधकाला खोली आहे का? वरच्या घरातल्या मुलांना ही माहिती मामा, काका, ओळखीचे प्राध्यापक यांच्याकडून दिवाणखान्यात मिळते. ज्यांना असे मामा-काका नाहीत, त्यांच्यासाठीच ती छापली जायला हवी. अर्थात माझ्या भाचीला मामा होता, आणि मामाला काहीच ठाऊक नव्हते, हेही इथे नमूद करून ठेवतो.

शेजारच्या नातीला मी दुसऱ्या दिवशी बोलावले. आजींना न कळवता, कारण पेढे संपायचे होते. लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या पाठीवर तिला पाच प्रश्न लिहून दिले: गेल्या दहा वर्षांत किती आले, किती पूर्ण झाले, किती वर्षांत झाले, किती सोडून गेले, आणि या पदवीने रुग्ण तपासण्याची नोंदणी मिळते का. ती म्हणाली, "काका, मुलाखतीत त्यांनी मला विचारायचे असते, मी त्यांना कसे विचारू?" मी म्हटले, शेवटी ते म्हणतातच, तुला काही विचारायचे आहे का, तेव्हा पाकीट काढ.

परवा ती येऊन गेली. पाकीट तिने खरोखरच काढले होते. समितीतल्या एका बाई प्रथम चमकल्या, मग हसल्या आणि म्हणाल्या की, हे आम्हाला आजपर्यंत कोणी विचारले नव्हते. पाचव्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी तिथल्या तिथे स्पष्ट दिले: नाही मिळत. पूर्ण झालेल्यांची संख्या त्यांनी कार्यालयातून मागवून दिली. सोडून गेलेल्यांची मात्र सापडेना. तिथल्या कारकुनाने कपाटे धुंडाळली आणि शेवटी तिला सांगितले, "बेन, एवुं रजिस्टर तो छे ज नहीं." तिला स्मृतीवर काम करायचे आहे, रुग्ण तपासायचे नाहीत, हे तिने घरी जाऊन आजींना समजावले म्हणे. आजी थोड्या हिरमुसल्या आहेत. फीची तारीख येत्या सोमवारची आहे, आणि ती भरणार आहे.